माळ्यावरचा मुका साक्षीदार

वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर, मध्यमवर्गीय घरातला माळा बोलू लागतो. एरवी त्याची कोणाला आठवण नसते. पण दसरा सरला की गृहिणी पदर खोचते, यजमान स्टुलावर चढतात आणि वरून एकेक वस्तू खाली येऊ लागते. पितळी स्टोव्ह, पाळण्याच्या दोऱ्या, कान तुटलेली बरणी, मुलांच्या पहिलीच्या वह्या! या मिरवणुकीत अलीकडे एका नव्या मानकऱ्याची भर पडली आहे. मुठीत मावेल एवढा, चंदेरी रंगाचा, मनगटाला अडकवायची दोरी लोंबणारा डिजिटल कॅमेरा. तो चालत नाही म्हणून वापरता येत नाही, आणि एके काळी चांगले पैसे मोजून घेतलेला म्हणून टाकवतही नाही. पुन्हा फडक्यात गुंडाळून तो होता तिथे जातो.

आमच्या चंदनसारच्या इमारतीत मी सहज चौकशी केली, तेव्हा बहुतेक बिऱ्हाडांतून असा एखादा तरी कॅमेरा निघाला. कोणाचा डोळाच उघडत नव्हता, कोणाचा उघडून मिटत नव्हता, तर कोणी अवघे जग जांभळे दाखवत होता. “आत फोटो आहेत का हो?” असे विचारले की मात्र सगळ्यांचे उत्तर एक : “असतील. कोणी बघितलेत?”

या उत्तराने मला विचारात टाकले. माझ्या आजीचा तरुणपणचा फोटो आमच्या घरी आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण नऊवारीचा काठ अजून मोजून घ्यावा इतका स्पष्ट! कारण तो कागदावर आहे. आजचे फोटो फोनमधून परस्पर कुठल्याशा दूरच्या संगणकात जाऊन बसतात. तेही टिकतील असे समजू या. अडचण आहे ती मधल्या काळाची. साधारण २००२ ते २०१२ या दहा वर्षांत आपण फिल्मचा रोल सोडला, छापील फोटो काढणे सोडले, आणि फोनवर अजून पुरते विसंबलो नव्हतो. त्या दहा वर्षांतली बारशी, मुंजी, वास्तुशांती, म्हाताऱ्या माणसांची शेवटची हसू, हे सारे नखाएवढ्या कार्डांत आणि मुक्या यंत्रांत अडकून पडले आहे. फिल्म निदान उजेडासमोर धरून पाहता येते. कार्ड उजेडासमोर धरा, नाहीतर काळोखात धरा. ते काही बोलत नाही.

मुंबईला हा नाद जुना आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली, ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती! आणि या फिल्मचा वंश खुंटवणारे यंत्र जन्मले ते फिल्मच्याच माहेरी. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र काळे-पांढरे आणि अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. त्यातला प्रकाश टिपणारा तुकडा, म्हणजे सीसीडी, बॉइल आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी १९६९ साली शोधला होता; त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी आपल्या हातात तोच तुकडा लाखो ठिपक्यांचा होऊन आला होता, आणि आपण त्याने दिवाळीचा कंदील टिपत होतो.

आता आमच्या कॅमेऱ्याकडे वळतो. तो घेतला २००७ साली. पुढे काही वर्षांनी त्याने मान टाकली. एका मोठ्या दुकानात दाखवला, तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने तो हातातही न घेता सांगितले, “सर, दुरुस्ती कॅमेऱ्यापेक्षा महाग पडेल. नवीन बघा.” तेव्हापासून तो माळ्यावर. यंदा त्याला खाली आणले ते माझ्या मुलीने. “बाबा, आमच्या वर्गातल्या मुली असला कॅमेरा शोधत फिरतायत! फोनपेक्षा फोटो वेगळे येतात म्हणे.” जुन्याची हौस फिरून येते, हे साड्यांच्या बाबतीत ठाऊक होते, कॅमेऱ्याच्या बाबतीत नव्याने कळले.

मी मराठीचा प्राध्यापक. पण जुन्या पोथीचा पाठ लागत नसला तर काय करावे, हे माझ्या विषयाने मला शिकवले आहे. पोथी अशुद्ध म्हणून एकदम हात झटकू नयेत. आधी दिवा पुरेसा आहे का पाहावे, मग पान चिकटले आहे का, मग अक्षराचे वळण ओळखावे, आणि शेवटी लेखनिकाची चूक म्हणावी. यंत्रालाही हाच न्याय लावला. बाहेरून आत जायचे, सोप्याकडून अवघडाकडे.

पहिला दिवा, म्हणजे बॅटरी. झाकण उघडले तर आत पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर! पेन्सिल सेल वर्षानुवर्षे आत राहिले की फुटून झिरपतात, आणि तो क्षार धातूच्या पट्ट्यांवर चढून वीज अडवतो. साध्या अल्कलाइन सेलमधला हा क्षार आम्लाने निघतो. कानकोरणीच्या कापसाला लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे बोट लावून पट्टी पुसावी, मग कोरड्या कापसाने, आणि दिवसभर वाळू द्यावी. तो क्षार हाताला लागू देऊ नये. दुसरी गोष्ट अशी की कॅमेऱ्याला एकदम भरपूर वीज लागते आणि साध्या सेलांचा त्यात दम निघतो. घड्याळात चालणारा सेल कॅमेऱ्यात “संपला” म्हणून दाखवतो, तो यामुळेच. तिथे पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल घालावे; त्यांचा दाब दीड व्होल्टऐवजी सव्वा व्होल्टच्या आत असला तरी ते टिकाव धरतात. खास चपटी बॅटरी असेल आणि ती फुगलेली दिसली, तर मात्र तिला चार्जरला लावू नये.

आमचा कॅमेरा जागा झाला. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, बोलला की!” बोलला खरा, पण पुढे नळी अर्धी बाहेर आली, करकरली आणि अडली. पडद्यावर सूचना आली की भिंग अडकले आहे. हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध आजार. एकात एक सरकणाऱ्या त्या नळ्यांत वाळूचा एक कण पुरतो, आणि आम्हा विरारकरांचे रविवार तर अर्नाळा-राजोडीच्या वाळूत जातात! भिंग जमिनीकडे करून रबरी फुग्याने कडेकडेने वारा मारावा. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओल आत जाते. पूर्ण भरलेली बॅटरी घालून पुन्हा चालू-बंद करून पाहावे. चिमटीत धरून ओढणे, ठोकणे हे उपाय करू नयेत; आतली प्लॅस्टिकची दातेरी चाके तांदळाच्या दाण्यासारखी नाजूक असतात. आमचे भिंग काही हलले नाही.

इथेच बहुतेक लोक हात टेकतात. पण फोटो काढणे आणि काढलेले फोटो दाखवणे ही या यंत्राची दोन वेगळी कामे आहेत. पुष्कळ कॅमेऱ्यांत चालू करायचे बटण न दाबता नुसते फोटो पाहण्याचे त्रिकोणी बटण दाबून धरले, की भिंगाला हात न लावता पडदा उजळतो. आमचा उजळला, आणि म्हणाला, “कार्ड वाचता येत नाही.”

कार्ड मुलीने नवे आणले होते, ३२ जीबीचे. जुन्या कॅमेऱ्याला ते कसे वाचता यावे? १९९९ साली निघालेली पहिली एसडी कार्डे २ जीबीपर्यंतची. त्यापुढची मोठ्या पोटाची जात २००६ साली आली आणि आधीच्या कॅमेऱ्यांना तिची लिपीच येत नाही. मोडी न शिकलेल्यापुढे मोडीतला दस्तऐवज ठेवावा, तसे हे. अशा वेळी २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड शोधावे. कार्डाच्या कडेला एक इवलेसे कुलूप असते, ते सरकलेले नाही ना, हेही पाहावे. आणि जुन्या कार्डावरचे फोटो पुसले गेले असले, तर त्यावर नवा एकही फोटो काढू नये. पुसलेला फोटो लगेच जात नाही. त्याच्या जागेवर दुसरा बसेपर्यंत तो तिथेच असतो. ‘फोटोरेक’सारखी मोफत साधने संगणकावर त्याला बहुधा परत आणतात.

मी कार्ड काढून घेतले. आणि रिकाम्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर अकरा फोटो उभे राहिले!

खुलासा साधा होता. या कॅमेऱ्यांच्या पोटात स्वतःची थोडी जागा असते. कार्ड नसले की फोटो तिथे जातात, आणि कार्ड घातले की ते दिसत नाहीत. २००८ साली मुलीच्या बारशाच्या दुपारी मेहुण्याने स्टुडिओत छापायला म्हणून कार्ड काढून नेले. त्यानंतर पाहुणे पांगल्यावर कोणीतरी कॅमेरा हाती घेतला असणार. छापून आलेल्या फोटोंत सगळा गोतावळा आहे. नाही ती फक्त माझी आई. ती दिवसभर स्वयंपाकघरात होती. आणि या अकरांत ती होती. हात पुसून गॅलरीत बसलेली, मांडीवर नात, आणि मागे अखंड जीवदानीचा डोंगर. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा व्हायला २०१४ उजाडायचे होते. आज त्या गॅलरीतून समोरच्या इमारतीचे जिने दिसतात. आई २०११ साली गेली. नातीला मांडीवर घेतलेला तिचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

मुलीने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “आजी अशी हसायची?” आम्ही नुसते हो म्हटले. फोटोखाली तारीख होती २००५ सालची, म्हणजे तिच्या जन्माआधीची. आतली घड्याळाची बारीक बॅटरी संपली की कॅमेऱ्याला काळाचे भान राहत नाही. तेव्हा वाचकांनी अशा तारखांवर विसंबू नये. जुळवाजुळव आपल्या आठवणीनेच करावी, आणि ती आठवण असलेली माणसे आहेत तोवर करावी.

फोटो बाहेर काढायला कॅमेऱ्याची तार लागते; नाहीतर यादीत “प्रत करा” असा पर्याय असतो, त्याने ते लहान कार्डावर उतरतात. आम्ही उतरवले. भिंगासाठी मी फोर्टातल्या बोरा बाजारात जाणार आहे. तिथे अजून हाताने कॅमेरे उघडणारे कारागीर आहेत. उघडण्याचे काम आपण घरी करू नये. फ्लॅशसाठी आत साठवलेली वीज तीनशे व्होल्टच्या आसपास असते आणि बॅटरी काढल्यावरही राहते.

आपल्या किनाऱ्याच्या हवेबद्दल शेवटी थोडे. २००५ साली असे उघडकीस आले, की सोनीने बनवलेल्या काही सीसीडी उष्ण आणि दमट हवेत आतून निकामी होतात. चित्र जांभळे, वेडेवाकडे किंवा काळे येते. कॅनन, निकॉन, फुजी आदी अनेकांच्या कॅमेऱ्यांत त्या होत्या, आणि कंपन्यांनी त्या काळी ते फुकट दुरुस्त करून दिले. आमची हवा तर वर्षातले चार महिने धुण्याचे पाणी हवेतच ठेवते! भिंगावर बुरशीचे जाळे धरते. म्हणून कॅमेरा कातड्याच्या पिशवीत नव्हे, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि सेल काढूनच ठेवावा.

यंदाच्या फराळाच्या गडबडीत एवढे कराच. भंगारवाल्याची हाक ऐकू आली, तरी कॅमेरा देण्याआधी कार्ड काढून आणि कार्डाशिवाय, असा दोनदा पाहा. जे सापडेल ते दोन ठिकाणी उतरवा. त्यातले चार-पाच फोटो कागदावर छापा, आणि मागे पेन्सिलीने नावे लिहा. आमच्या आईचा फोटो छापून आला आहे. त्यामागे नाव, तिथी आणि ‘चंदनसार’ एवढे लिहिले आहे; डोंगराचे नाव लिहायला मुलीने जागा मागून घेतली.