राजयक्ष्मा आणि आपली औषधचिठ्ठी

राजयक्ष्म्याची साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही चार कारणे चरकाचार्यांनी सांगितली आहेत. हा रोग असाध्य होण्याचे एक कारण मात्र चिकित्सकाच्या लेखणीतही दडलेले असते. मुंबईचे फुप्फुसरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया यांनी ते निर्भीडपणे दाखवून दिले.

ख्यातनाम भिषग्वर्य डॉ. फारुख उदवाडिया यांचे हे सुपुत्र. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात त्यांनी क्षयरुग्णांसाठी साप्ताहिक विनामूल्य तपासणी चालविली. तेथे येणारे अनेक रुग्ण आधी कित्येक दारे ठोठावून आलेले असत.

धारावीतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. डॉ. उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या. त्यांपैकी बिनचूक चिठ्ठी केवळ सहा जणांची होती. दोन दशकांत फारसे काही पालटले नव्हते.

डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. उपलब्ध असलेल्या व तपासलेल्या सर्व औषधांना त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांपैकी तिघांना अनेक खासगी डॉक्टरांकडून अनियमित मात्रेत औषधे मिळाली होती. ‘संपूर्ण औषधरोधी’ या संज्ञेस शासनाने हरकत घेतली, जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली नाही. तथापि संज्ञेच्या वादाने रुग्णांचे वास्तव पुसले गेले नाही.

मे २०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद शासनास कळविणे बंधनकारक झाले. १ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आली. औषधविक्रेत्याने चिकित्सकाचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र वहीत लिहून ती तीन वर्षे जपावयाची असते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने रुग्णांची माहिती कळविण्याचे दायित्व विक्रेत्यांवरही आले.

आम्ही नाशिककर वैद्य या विषयापासून दूर नाही. हवापालटासाठी देवळालीस येणाऱ्या रुग्णांची परंपरा आपल्या परिसरास जुनी आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणाऱ्यास केवळ सितोपलादी देऊन परत पाठविण्याचा मोह आम्हांसही झालेला आहे. अशा वेळी थुंकीची तपासणी हेच पहिले कर्तव्य होय. निदान झाल्यावर बृंहण आहार, अग्निरक्षण आणि मनोबल यांसाठी आपले शास्त्र अवश्य योजावे. मात्र क्षयाची मूळ औषधे बंद करण्याचा सल्ला चुकूनही देऊ नये. विक्रेत्या बंधूंनीही जुन्या चिठ्ठीवर ती देऊ नयेत.

अर्धवट उपचार घेतलेला एक रुग्ण घरातील लेकरालाही औषधरोधी जंतू देऊ शकतो. चिठ्ठी लिहिताना आणि औषध हाती ठेवताना आपण उभयतांनी त्या लेकराचे स्मरण ठेवावे, ही विनंती.