मूत्रल औषधे

मूत्रल औषधे : ज्या औषधांमुळे वृक्कांतून (मूत्रपिंडांतून) लवण व त्याच्यासोबत पाणी अधिक प्रमाणात बाहेर टाकले जाते व त्यामुळे मूत्राचे प्रमाण वाढते, त्यांना ‘मूत्रल औषधे’ म्हणतात. पुष्कळ पाणी प्यायल्यानेही मूत्र वाढते. परंतु त्यामुळे शरीरातील सोडियमाचा साठा कमी होत नाही व म्हणून रक्तदाब किंवा सूज उतरविण्यास त्याचा उपयोग होत नाही. बहुतेक आधुनिक मूत्रल औषधांचे खरे कार्य सोडियम बाहेर काढणे हे असून मूत्रवाढ हा त्याचा परिणाम होय. हा भेद ध्यानात घेतल्यास या औषधांचे गुण, त्यांच्या मर्यादा व त्यांपासून उद्‌भवणारे धोके यांचा उलगडा होतो. रक्तदाबाधिक्य (रक्तदाब वाजवीपेक्षा सतत अधिक असणे) आणि शोफ (ऊतकांत द्रव साचून येणारी सूज) या दोन विकारांत त्यांचा मुख्यत्वे उपयोग करतात.

इतिहास : मूत्र वाढविणाऱ्या वनस्पतींची माहिती प्राचीन काळापासून आहे. चरकसंहितेत ‘मूत्रविरेचनीय’ असा औषधींचा स्वतंत्र गण दिलेला असून त्यात गोखरू, पाषाणभेद, दर्भ, कुश, काश इत्यादींचा समावेश आहे. घेटुळी (पुनर्नवा) ही वनस्पती आयुर्वेदात शोथावर वापरली जाते. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटालिस या वनस्पतीच्या सर्वांगसुजेवरील उपयोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची क्रिया मुख्यतः हृदयावर होते व हृदयाचे कार्य सुधारल्यामुळे मूत्र वाढते, हे पुढे स्पष्ट झाले.

प्रभावी मूत्रल औषधांचा शोध काहीसा आकस्मिक रीतीने लागला. १९१९ मध्ये व्हिएन्ना येथे आल्फ्रेड फोगल या वैद्यकाच्या विद्यार्थ्यास, उपदंशावर दिलेल्या पाऱ्याच्या संयुगामुळे रुग्णाचे मूत्र फार वाढते असे आढळले. त्यानंतर सुमारे तीन दशके पाऱ्याची संयुगे अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) देण्याची पद्धत रूढ होती. मात्र ती विषारी असून वृक्कांस अपाय करीत. सल्फानिलामाइड या जंतुनाशक औषधाने सोडियमाचे उत्सर्जन वाढते या निरीक्षणाचा उपयोग करून बॉस्टन येथे विल्यम श्वार्ट्‌झ यांनी १९४९ मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांची सूज कमी करून दाखविली. याच सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर केवळ भात, फळे व साखर यांवर आधारलेला, जवळजवळ मीठविरहित आहार देऊन काही रुग्णांचा वाढलेला रक्तदाब खाली आणीत होते. मीठ कमी केल्यास रक्तदाब उतरतो हे यावरून दिसले. परंतु असा आहार दीर्घकाल पाळणे बहुतेकांस अशक्य होते. आहारातून न टळणारे मीठ वृक्कांवाटे बाहेर काढणारे, तोंडाने घेता येणारे औषध हवे होते.

कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, जॉन बेअर व फ्रेडरिक नोव्हेलो यांनी सल्फानिलामाइडाच्या कुळातील संयुगांवर काम करून तयार केलेले क्लोरोथायाझाइड हे औषध १९५८ मध्ये प्रचारात आले. या कार्याबद्दल या चौघांस १९७५ मध्ये लास्कर पारितोषिक देण्यात आले. पाठोपाठ हायड्रोक्लोरोथायाझाइड व क्लोरथॅलिडोन आणि १९६० नंतरच्या दशकात फ्युरोसेमाइड ही औषधे उपलब्ध झाली व पाऱ्याची संयुगे मागे पडली.

क्रियाविज्ञान : प्रत्येक वृक्कात ‘नेफ्रॉन’ नावाचे सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. निरोगी प्रौढात त्यांतून २४ तासांत सुमारे १८० लि. द्रव गाळला जातो, पण मूत्र मात्र साधारणतः दीड लिटरच तयार होते. उरलेला सर्व द्रव व त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम नेफ्रॉनाच्या नलिकेतून रक्तात परत शोषले जाते. मूत्रल औषधे हे पुनःशोषण ठराविक जागी अडवितात. सोडियम नलिकेतच राहिले की, त्याच्यासोबत पाणीही राहते व दोन्ही मूत्रावाटे बाहेर पडतात. कोणत्या जागी अडथळा होतो यावर औषधाचा जोर अवलंबून असतो.

(१) पाश मूत्रले : फ्युरोसेमाइड व टॉरसेमाइड ही औषधे नलिकेच्या हेन्ले पाश या भागावर कार्य करतात. तेथे गाळलेल्या सोडियमापैकी सुमारे एक-चतुर्थांश शोषले जात असल्याने ही औषधे सर्वांत प्रबळ ठरतात. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडाचा परिणाम तासाभरात सुरू होतो व सुमारे सहा तास टिकतो. (२) थायाझाइडे व तत्सम औषधे : हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन व इंडापामाइड ही पाशापुढील नलिकेत कार्य करतात. तेथे सोडियमाचा पाच ते सात टक्के भागच शोषला जातो, म्हणून त्यांचा परिणाम सौम्य परंतु दीर्घकाल टिकणारा असतो. (३) पोटॅशियमरक्षक मूत्रले : नलिकेच्या अखेरच्या भागात अल्डोस्टेरोन या हॉर्मोनाच्या प्रभावाने सोडियम शोषले जाते व त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकले जाते. स्पायरोनोलॅक्टोन या हॉर्मोनाचे कार्य रोखते, तर अमिलोराइड सोडियमाचा मार्गच अडविते. स्वतःपुरती ही औषधे दुर्बल असली, तरी ती पोटॅशियमाचा ऱ्हास टाळतात.

रक्तदाबाधिक्यातील उपयोग : थायाझाइड सुरू केल्यावर प्रथम रक्तद्रवाचे आकारमान घटते व त्यामुळे रक्तदाब उतरतो. काही आठवड्यांनी हे आकारमान बरेचसे पूर्ववत होते. तथापि सूक्ष्म रोहिण्यांचा रक्तप्रवाहास होणारा रोध कमी झाल्याने रक्तदाब खालीच राहतो. म्हणूनच लघवी पूर्वीइतकी होत नाही यावरून औषधाचा गुण संपला असे मानणे चूक ठरते. रक्तदाब मोजूनच तो ठरवावा लागतो.

औषधाने रक्तदाब उतरविणे हितकारक आहे काय, याविषयीच १९५० नंतरच्या दशकात मतभेद होते. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीने त्यास उत्तर दिले. प्रसरणी (खालचा) रक्तदाब ११५ ते १२९ मिमी. असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना हायड्रोक्लोरोथायाझाइड, रेसर्पीन व हायड्रॅलाझीन यांचे मिश्रण व इतरांना औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध न मिळालेल्या ७० जणांपैकी २७ जणांत, तर औषध मिळालेल्या ७३ जणांपैकी केवळ दोघांत गंभीर उपद्रव उद्‌भवले. या मिश्रणातील रेसर्पीन हे सर्पगंधेतील अल्कलॉइड होय. सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाकडे जगाचे लक्ष वेधणारा लेख मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला होता.

वृद्धांचा वरचा रक्तदाब वाढणे हा वयाचाच धर्म आहे, अशी समजूत दीर्घकाल प्रचलित होती. साठीच्या पुढील ४,७३६ व्यक्तींवर केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत मुख्यतः अल्प मात्रेतील क्लोरथॅलिडोनामुळे पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऐंशी वर्षांवरील ३,८४५ रुग्णांच्या चाचणीत इंडापामाइडावर आधारित उपचाराने एकूण मृत्यूही कमी झाले. ३३ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत (२००२) क्लोरथॅलिडोन हे जुने व स्वस्त औषध, हृदयविकाराचा झटका टाळण्याच्या बाबतीत, अम्लोडिपीन व लिसिनोप्रिल या नव्या औषधांपेक्षा कमी ठरले नाही.

प्रारंभीच्या काळात थायाझाइडे आजच्या अनेक पट मात्रेत देत. मात्रा वाढविल्याने रक्तदाब फारसा अधिक उतरत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात, असे आढळल्यावर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन यांची मात्रा दररोज १२·५ ते २५ मिग्रॅ. इतकी ठेवणे रूढ झाले. फ्युरोसेमाइडाचा परिणाम अल्पकाळ टिकत असल्याने केवळ रक्तदाबासाठी ते सहसा देत नाहीत. वृक्कांचे कार्य बरेच मंदावले असल्यास किंवा हृदय दुर्बल झाले असल्यास पाश मूत्रले उपयुक्त ठरतात. तीन औषधे देऊनही रक्तदाब आटोक्यात न आल्यास चौथे औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन अल्प मात्रेत देतात.

शोफातील उपयोग : हृदय दुर्बल झाले की, वृक्कांस पुरेसे रक्त मिळत नाही व ते सोडियम धरून ठेवू लागतात. साचलेला द्रव दिवसा पायांत उतरतो, तर आडवे झाल्यावर फुप्फुसांत जमून रुग्णास धाप लागते. अशा वेळी फ्युरोसेमाइड शिरेतून दिल्यास थोड्याच वेळात आराम पडतो. दुर्बल हृदयाच्या रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनामुळे आयुर्मर्यादाही वाढते, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले. यकृताच्या सूत्रण रोगातील जलोदरावर स्पायरोनोलॅक्टोन हे मुख्य औषध असून जरूरीप्रमाणे त्यास फ्युरोसेमाइडाची जोड देतात. वृक्कविकारात मूत्रावाटे प्रथिने जाऊन येणाऱ्या सुजेवर पाश मूत्रले देतात. एक लिटर द्रवाचे वजन सुमारे एक किग्रॅ. असल्याने सूज किती उतरली हे कळण्यास रोज सकाळी, लघवीनंतर व न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किग्रॅ. वाढल्यास पुन्हा द्रव साचू लागला, असे समजून वैद्याचा सल्ला घ्यावा.

प्रत्येक सूज मूत्रल औषधाने उतरविण्याजोगी नसते. रक्तदाबासाठी दिलेल्या अम्लोडिपिनामुळे घोट्यांना येणारी सूज सूक्ष्म रोहिण्या विस्फारल्याने येते. तिच्यात सोडियमाचा साठा हे मूळ कारण नसल्याने मूत्रलांचा फारसा उपयोग होत नाही व मूळ औषधाची मात्रा कमी करणे किंवा ते बदलणे श्रेयस्कर असते. विदर्भात आढळणाऱ्या हत्तीरोगात लसीकावाहिन्या निकामी झाल्याने पाय सुजतो. एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागल्यास खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. अशा रुग्णाने सुजेची गोळी स्वतःच्या मनाने घेतल्यास सूज तर राहतेच, शिवाय योग्य उपचारास विलंब होतो. गर्भवतीची सूज उतरविण्यासाठीही ही औषधे देत नाहीत.

दुष्परिणाम व दक्षता : लवण बाहेर काढणे हा जसा या औषधांचा गुण, तसाच तो त्यांच्या धोक्यांचा उगम होय. पाश मूत्रले व थायाझाइडे यांमुळे पोटॅशियमही बाहेर पडते. रक्तातील त्याची पातळी दर लिटरला ३·५ मिलिमोलच्या खाली गेल्यास अशक्तपणा व पायांत गोळे येणे ही लक्षणे उद्‌भवतात. ती फार खालावल्यास हृदयाची लय बिघडते. याउलट स्पायरोनोलॅक्टोनाने पोटॅशियम वाढते. वृक्कविकार असल्यास किंवा सोबत लिसिनोप्रिल वा टेल्मिसार्टन यांसारखी औषधे चालू असल्यास ही वाढ प्राणघातक ठरू शकते. म्हणून अशा रुग्णांनी शहाळ्याचे पाणी भरपूर पिणे किंवा पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ वापरणे वैद्याच्या सल्ल्यावाचून करू नये.

थायाझाइडांमुळे रक्तातील सोडियम वाजवीपेक्षा खाली जाण्याचा संभव वृद्धांत, विशेषतः कृश वृद्ध स्त्रियांत, अधिक असतो. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ग्लानी, असंबद्ध बोलणे किंवा तोल जाणे अशी लक्षणे दिसल्यास ती वार्धक्याची मानून सोडून देऊ नयेत. रक्त तपासल्यास कारण कळते व वेळीच उपचार करता येतात. थायाझाइडांनी रक्तातील यूरिक अम्ल वाढून गाऊट हा सांध्यांचा विकार बळावतो व साखर किंचित वाढते. मात्र मूत्रातील कॅल्शियम घटत असल्याने मुतखड्याच्या काही रुग्णांस ती हितकारक ठरतात. पाश मूत्रले शिरेतून मोठ्या मात्रेत वेगाने दिल्यास श्रवणशक्तीस अपाय होऊ शकतो. स्पायरोनोलॅक्टोनाने पुरुषांत स्तनवृद्धी होते. औषध सुरू करण्यापूर्वी, त्यानंतर काही आठवड्यांनी व पुढे ठराविक काळाने रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्रिॲटिनीन तपासणे म्हणूनच आवश्यक असते.

गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागत नाही व वृद्धांचे पडणे टळते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी मूत्रलांचा गुण कमी होतो व वृक्कांवर ताण पडतो. लिथियम घेणाऱ्यांत त्याची विषबाधा होण्याचा धोका वाढतो. जुलाब, उलट्या, निर्जळी उपवास किंवा विदर्भातील कडक उन्हाळा यांमुळे शरीरातील पाणी व लवण आधीच घटलेले असते. अशा वेळी चक्कर आल्यास वा लघवी फार कमी झाल्यास मात्रेविषयी वैद्यास त्वरित विचारावे.

औषध चालू असता मीठ मनमुराद खाल्ल्यास त्याचा गुण बराचसा वाया जातो. प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅ. पेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणची, पापड, फरसाण व खारवलेली सुकी मासळी यांतील मीठही त्यात धरावे लागते. रक्तदाबाधिक्यात बहुधा कोणतेच लक्षण जाणवत नाही व औषधाने बरे वाटल्याचाही अनुभव येत नाही. त्यामुळे रक्तदाब ठीक आल्यावर पुष्कळ रुग्ण गोळी बंद करतात. परंतु तो ठीक असतो तो गोळीमुळेच. ती सोडल्यावर काही दिवसांत वा आठवड्यांत तो पुन्हा चढतो आणि हे काही वेळा पक्षाघात झाल्यावरच उमगते.