कोळंबीचे पौष्टिक गोळे घरच्या घरी: कसे करायचे आणि कोणी जपून खायचे

अँजिओप्लास्टी होऊन घरी गेलेला रुग्ण पहिल्या तपासणीला येतो, तेव्हा बरोबर आलेली पत्नी किंवा सून एक प्रश्न हमखास विचारते. "डॉक्टर, मासे चालतील म्हणालात, पण कोळंबी बंदच ना?" किनारपट्टीवरच्या घरात कोळंबी बंद होणे ही लहान गोष्ट नाही. बहुतेक रुग्णांसाठी याचे उत्तर "बंद नाही" असेच आहे. मात्र ती कशात आणि कशी शिजते याला फार महत्त्व आहे. रवा लावून तेलात सोडलेली कोळंबी किंवा नारळाच्या दाट रसातले कालवण रोज खाणे वेगळे आणि वाफेवर किंवा आप्पेपात्रात केलेले गोळे खाणे वेगळे. हे गोळे मऊ असल्याने दात नसलेले आजी-आजोबा, आजारपणातून उठलेली माणसे आणि नीट चावून न खाणारी मुलेही ते खाऊ शकतात.

कोळंबी घेताना

चार जणांसाठी सोललेली २५० ग्रॅम कोळंबी लागते. डोके आणि सालासकट घेतली तर साफ केल्यावर साधारण निम्मीच उरते, म्हणून अर्धा किलो घ्या. या पदार्थाला मोठी, महाग कोळंबी लागत नाही. मध्यम किंवा लहान कोळंबी उत्तम, कारण शेवटी ती चिरायचीच आहे. ताज्या कोळंबीला समुद्राचा हलका वास येतो आणि तिचे डोके घट्ट बसलेले असते. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पाठीतला काळा दोरा म्हणजे तिचे आतडे. नीट शिजवल्यावर त्याने विषबाधा होत नाही, पण कधी कधी त्यात वाळू असते, म्हणून काढलेला बरा.

साफ करताना डोक्यावरचा काटा बोटात घुसतो, हे प्रत्येक कोळंबी सोलणारीला माहीत आहे. निरोगी माणसाला तेवढ्याने काही होत नाही. परंतु मधुमेह असेल, विशेषतः लिव्हर सिऱ्होसिस असेल, तर हातमोजे घालूनच सोला किंवा दुसऱ्याकडून सोलून घ्या. खाऱ्या पाण्यातले काही जंतू अशा रुग्णांत लहानशा जखमेतूनही गंभीर संसर्ग करतात. बोट काही तासांत सुजून लाल झाले, ताप आला, तर हळद लावून वाट पाहू नका, रुग्णालयात जा.

कृती

सोललेली कोळंबी धुऊन स्वच्छ कपड्याने किंवा टिशूने अगदी कोरडी करा. पाणी राहिले की गोळे फुटतात, आणि मग घट्टपणासाठी पीठ घालत बसावे लागते. कोळंबी फ्रिजमध्ये १५ मिनिटे गार होऊ द्या. निम्मी कोळंबी मिक्सरमध्ये दोन-तीन झटक्यांत वाटून घ्या आणि उरलेली सुरीने बारीक चिरा. सगळी वाटली तर गोळे रबरासारखे होतात आणि सगळी चिरली तर ते सुटतात.

आता त्यात पाव चमचा मीठ घालून मिश्रण एकाच दिशेने दोन-तीन मिनिटे ढवळा. ही पायरी गाळू नका. मिठामुळे कोळंबीतली प्रथिने सुटी होऊन चिकट होतात आणि गोळा त्यांच्यावरच धरला जातो. म्हणूनच मैदा, कॉर्नफ्लोअर किंवा पावाचा चुरा मुठीने घालायची गरज पडत नाही. मिश्रण हाताला चिकटू लागले की एक चमचा आले-लसूण वाटण, एक-दोन बारीक चिरलेल्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चिमूटभर हळद आणि मिरपूड घाला. एक लहान कांदा बारीक चिरून, पिळून, सगळ्यात शेवटी घाला. दोन मोठे चमचे ओट्सची भरड किंवा तांदळाचे पीठ पुरते. लिंबू मात्र मिश्रणात पिळू नका, आंबटामुळे ते भुसभुशीत होते. लिंबू ताटात घ्या.

पाण्याचा हात लावून १२ ते १४ गोळे वळा. आप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात दोन-चार थेंब तेल सोडून गोळे ठेवा. मध्यम आचेवर झाकण ठेवून चार मिनिटे, उलटून आणखी तीन मिनिटे शिजवा. मोदकपात्रात वाफवायचे असतील तर आठ मिनिटे लागतात. तापाच्या रुग्णासाठी मला आणखी एक प्रकार आवडतो. भाज्यांचे पातळ सूप उकळवायचे आणि गोळे त्यातच सोडायचे. शिजले की ते वर येतात. कोणत्याही प्रकारात एक गोळा मोडून पाहा. आत कुठेही करडा, अर्धपारदर्शक भाग दिसता कामा नये. गरोदर स्त्रिया, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण आणि लिव्हरचे रुग्ण यांनी याबाबत जराही ढिलाई करू नये.

कोलेस्टेरॉलचे काय?

१०० ग्रॅम कच्च्या कोळंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने, जेमतेम एक ग्रॅम चरबी आणि साधारण १५० ते १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. शेवटचा आकडा पाहून लोक घाबरतात. पण रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा वाटा मोठा असतो, आणि ती कोळंबीत नगण्य असते. तूप, वनस्पती तूप, नारळाचा दाट रस यांत ती भरपूर असते. १९९६ साली अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना रोज ३०० ग्रॅम वाफवलेली कोळंबी देऊन पाहिली. एलडीएल सुमारे ७ टक्के वाढले, पण चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, १२ टक्के वाढले आणि ट्रायग्लिसराइड १३ टक्के घटले. हा अभ्यास लहान होता आणि त्यात हृदयरुग्ण नव्हते, त्यामुळे रोज कोळंबी खायचा परवाना म्हणून तो कोणी वापरू नये.

आपल्या पाककृतीत एका माणसाच्या वाट्याला तीन गोळे येतात. त्यांत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने, म्हणजे जवळजवळ दोन अंड्यांइतकी, मिळतात. कोलेस्टेरॉल मात्र एका अंड्यापेक्षा कमी असते. हृदयरुग्णाने आठवड्यातून एक-दोनदा एवढे खायला सहसा हरकत नसते. ज्यांचे कोलेस्टेरॉल आनुवंशिक कारणाने खूप जास्त आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवावे. आणि हो, कोळंबी खाल्ली म्हणून त्या रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी दुप्पट घेऊ नका. असे करणारी माणसे मी पाहिली आहेत.

मूत्रपिंडाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण

फ्रोझन कोळंबी वाईट नसते. जून-जुलैत मासेमारी बंद असताना तीच हाताशी असते. पण पाकीट उलटून घटक वाचा. वजन आणि लुसलुशीतपणा टिकवण्यासाठी काही कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवतात. घटकांत आयएनएस ४५१ किंवा ४५२ लिहिलेले असेल तर ते फॉस्फेटच होय. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांच्या शरीरातून फॉस्फरस नीट बाहेर पडत नाही, आणि असे वरून घातलेले फॉस्फेट अन्नातल्या नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा जास्त सहज शोषले जाते. शिवाय अशा कोळंबीत सोडियमही जास्त असते. आयएनएस २२३ म्हणजे सल्फाइट. काही दमेकऱ्यांना त्याने धाप लागते. सुकी कोळंबी आणि सोडे यांतले मीठ तर सांगायलाच नको.

डायलिसिसवरच्या रुग्णांना प्रथिने जास्त लागतात, डायलिसिस सुरू न झालेल्यांना बेताची. त्यामुळे शेजारच्या रुग्णाला जे सांगितले ते तुमच्यासाठी लागू नसते. गाऊटचा झटका चालू असताना कोळंबी टाळा, कारण तिच्यातल्या प्युरीनपासून युरिक ॲसिड बनते.

ॲलर्जी

इथे मात्र "थोडे खाल्ले तर चालेल" हे चालत नाही. कोळंबीची ॲलर्जी प्रामुख्याने ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते, आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. वर्षानुवर्षे कोळंबी खाल्लेल्या माणसालाही चाळिशीत ती होऊ शकते. तोंडाला खाज, अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ सुजणे, उलट्या ही तिची लक्षणे आहेत. आवाज बसला, श्वास अडकला किंवा चक्कर आली तर पित्ताची गोळी देऊन वाट पाहत बसू नका, १०८ वर फोन करा. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी त्याच आप्पेपात्रात, त्याच तेलावर भाजीचे गोळे करू नका. काही जणांना शिजताना निघणाऱ्या वाफेनेही त्रास होतो, त्यांना स्वयंपाकघरापासून दूर बसवा.

ॲलर्जी असलेले बरेच जण सीटी स्कॅनच्या आयोडीनयुक्त इंजेक्शनला नकार देतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण त्यांची ॲलर्जी प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. केवळ कोळंबीमुळे तो स्कॅन टाळू नका. ॲलर्जी डॉक्टरांना जरूर सांगा. कोळंबीवर लिंबू पिळले तर विष तयार होते आणि मासे-दूध एकत्र खाल्ल्याने कोड येते, या दोन्ही गोष्टींनाही शास्त्रीय आधार नाही.

उरले तर

कच्चे मिश्रण बाहेर ठेवू नका, त्याच दिवशी वापरा. शिजवलेले गोळे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवेत, मे महिन्यातल्या उकाड्यात तासाभरातच. फ्रिजमध्ये ते दोन दिवस टिकतात. फ्रोझन कोळंबी वापरलीत तर ती रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटी करा, ओट्यावर नको. लहान मुलांना देताना गोळ्याचे चार तुकडे करून द्या. अख्खा गोल गोळा घशात अडकू शकतो.