लाल दिवा आणि उलटा कांटा

मोटारीची बॅटरी वारंवार उतरूं लागली कीं ती बदलून टाकावी, अशी आपल्या बहुतेक सुशिक्षित घरांतून समजूत आहे. रांजण रिकामा दिसला म्हणून बाजारांतून नवा रांजण आणावा, पण पाणी भरणारा गडी आला होता कीं नाहीं याची चौकशी करूं नये, त्यांतलाच हा प्रकार होय. या समजुतीपायीं आमच्या घरीं दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले आणि एक प्रवास अंधारांत अडकला. ती हकीकत ज्यांच्या घरीं जुनें वाहन आहे त्यांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

आमच्या नांदेडच्या वाड्यांत १९५२ सालची एक एम्. जी. मोटार आहे. टी. डी. नांवाचा हा नमुना इंग्लंडांत अॅबिंग्डन येथें १९५३ पर्यंत तयार होत असे, आणि त्याच्या २९ हजारांहून अधिक गाड्या निघाल्या. इंजिन १२५० सी. सी. चें, छत कापडी, आणि बैठक दोघांची. वीस माणसांच्या घरांत दोघांचीच सोय करणारें वाहन आणल्याबद्दल काकूंनीं आमच्या थोरल्या काकांस अद्याप क्षमा केलेली नाहीं.

गेल्या पावसाळ्यानंतर ही गाडी रोज सकाळीं मुकी होऊं लागली. सेल्फ मारला कीं एकदां कण्हावें आणि गप्प बसावें. हँडल मारून ती सुरू होई, परंतु काकांच्या वयास तें झेपेना. दिवाळींत नवी बॅटरी आणली, ती महिन्याभरांत उतरली. मार्गशीर्षांत एका गॅरेजवाल्यानें दुसरी बसवून दिली. तोंपर्यंत घरांत ठरून गेलें होतें कीं आतां पुरे झालें. लातूरच्या एका परिचितांनीं गाडी घेण्याची इच्छा दर्शविली होती. त्यांच्या दारीं ती नेऊन द्यावयाची. काका कांहीं बोलले नाहींत. "मीच चालवीत नेतों," एवढेंच म्हणाले.

पुढील गोष्ट नीट समजण्यासाठीं या यंत्रणेची थोडी ओळख हवी. इंजिन फिरूं लागलें कीं पट्ट्यानें डायनामो फिरतो व वीज उत्पन्न करतो. ही वीज एका लहान पेटींतून बॅटरीकडे जाते. त्या पेटींत दोन चुंबकी कळा असतात. एक कटआउट. डायनामोचा दाब सुमारें १३ व्होल्ट झाला कीं ती मिटते व वाट मोकळी करते. इंजिन मंदावलें कीं उघडते, नाहीं तर बॅटरी उलट डायनामोंतच रिकामी होईल. दुसरी कळ दाब मर्यादेंत ठेवते. चालकाच्या समोरच्या फळीवर याचे दोन साक्षीदार असतात. लाल दिवा बॅटरी व डायनामो यांच्या मध्यें जोडलेला असतो. दोहोंचा दाब सारखा झाला कीं तो विझतो. आणि अँपिअरमीटरचा कांटा मध्यावरून उजवीकडे गेला तर बॅटरी भरत आहे, डावीकडे गेला तर रिकामी होत आहे, असें समजावयाचें.

दुसरी बॅटरी बसविली त्या दिवशीं इंजिन सुरू होतांच लाल दिवा पूर्वी कधीं नव्हता इतका भगभगला, वेग वाढवितांच आणखी प्रखर झाला, आणि एकाएकीं विझला. त्याच क्षणीं कांटा उजव्या टोंकास दाणकन् आपटून परत आला. आम्हांस वाटलें, नवी बॅटरी कशी जोरांत भरते आहे! त्यानंतर चार दिवस गांवांतल्या गांवांत गाडी फिरली. दिवा विझलेला, कांटा किंचित् उजवीकडे. याहून अधिक काय हवें?

पांचव्या दिवशीं दुपार टळतां काका आणि आम्ही निघालों. लोहें मागें पडलें, माळेगांवास खंडोबाच्या यात्रेची तयारी चाललेली दिसली. अहमदपुराजवळ दिवस मावळला. काकांनीं पुढचे दिवे लावले, तों कांटा उजवीकडे आणखी सरकला. "पाहिलेंस? दिवे लावले तरी भरते आहे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजांत अभिमान होता आणि खंतहि होती; देऊन टाकावयाच्या दिवशींच गाडी अशी शहाण्यासारखी वागत होती. शिरूर ताजबंद ओलांडल्यावर दिवे पिंवळे पडूं लागले. पुढें ते समईएवढे राहिले, इंजिन अडखळूं लागलें, आणि चाकूरच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेस थांबली ती थांबलीच. मागचा दिवाहि विझलेला. उसाचे ट्रॅक्टर आणि लांब पल्ल्याचे ट्रक अंगावरून जात होते. काका मागें पन्नास पावलांवर उपरणें हलवीत उभे राहिले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं माणसाला असें उभें राहावें लागावें, याची लाज आम्हांस अजून वाटते. अखेर एका टेंपोवाल्यानें दोर बांधून आम्हांस लातुरांत आणलें.

सकाळीं परिचितांच्या सांगण्यावरून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांचा जन्म ट्रॅक्टर व ट्रक यांची वायरिंग करण्यांत गेलेला. जुन्या ट्रॅक्टरांवर डायनामोच असत, त्यामुळें हें यंत्र त्यांच्या ओळखीचें. आम्हीं सारी हकीकत सांगितली. त्यांनीं पाना हातांत घेतला नाहीं. रात्रभर बाहेरच्या यंत्रावर भरलेली बॅटरी होती तशीच पुन्हां जोडावयास सांगितली, इंजिन बंदच ठेविलें, आणि पुढचे दिवे लावविले. कांटा उजवीकडे गेला.

"मालक," ते काकांस म्हणाले, "इंजन बंद हाय. दिवे चालू हायेत. मग बॅटरी भरतंय कोण?"

काका क्षणभर पाहत राहिले आणि मग कपाळावर हात मारून हंसले. बॅटरी उलटी जोडलेली होती.

हा दोष सर्वस्वीं त्या गॅरेजवाल्याचा म्हणतां येत नाहीं. आजच्या सर्व मोटारींत बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या अंगास जोडतात. १९८३ च्या अखेरीस मारुती आली, तेव्हांपासून ज्यांनीं हा धंदा शिकला त्यांच्या हातास तीच संवय. परंतु १९३० नंतरच्या काळांत इंग्रज कारखानदारांत धन टोंक अंगास जोडण्याची पद्धत पडली होती. एम्. जी. च्या स्पोर्ट गाड्यांनीं ती १९६७ च्या सुमारास सोडली. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला तोहि त्याच वेळीं. म्हणून जुन्या इंग्रजी गाडीस हात लावण्यापूर्वीं कोणतें टोंक अंगास आहे हें पुस्तकांत पाहावें, मिस्त्रीच्या संवयीवर सोडूं नये.

आतां त्या दोन साक्षीदारांचा उलगडा झाला. डायनामोच्या लोखंडांत पूर्वीचें थोडें चुंबकत्व शिल्लक असतें, त्यामुळें तो जुन्याच दिशेनें वीज देत होता, आणि बॅटरी नव्या दिशेनें. दोघांचे दाब लाल दिव्यावर एकमेकांस खोडण्याऐवजीं मिळाले. म्हणून तो भगभगला आणि जळून गेला. विझला नव्हता, मेला होता. कटआउट मिटतांच दोन्ही दाब समोरासमोर येऊन त्याचे पॉइंट भाजले आणि वाट कायमची बंद झाली. अँपिअरमीटर तर सरळच उलटा झाला होता. दिवे लावले कीं बॅटरी अधिक रिकामी होई, आणि कांटा तें भरणें म्हणून दाखवी.

पण पहिली बॅटरी कां उतरली होती? मिस्त्रींनीं पट्टा अंगठ्यानें दाबला, तो इंचभराहून अधिक खालीं गेला. अर्धा इंच जावा हें योग्य. सैल पट्टा नुसता डायनामो फिरवितो, पण वीज ओढूं लागतांच घसरतो. डायनामोचे दोन बोल्ट सैल करून तो बाहेर ओढला आणि पुन्हां आवळले, एवढाच मूळ रोगावरचा उपाय! त्यासाठीं आम्ही दोन वेळां बॅटरीच्या दुकानाची पायरी चढलों होतों.

पुढें त्यांनीं डायनामोची परीक्षा घेतली, ती घरच्या तरुण मुलांनीं शिकून ठेवावी अशी आहे. डायनामोवरच्या दोन्ही तारा काढाव्या, ती दोन टोंकें एका उघड्या तारेनें एकत्र जोडावीं, आणि त्या तारेपासून अंगापर्यंत व्होल्टमीटर लावावा. इंजिन हळूहळू वाढवीत न्यावें. कांटा न अडखळतां चढला पाहिजे. मात्र २० व्होल्टांपर्यंत जाऊं देऊं नये, नाहीं तर गुंडाळी जळेल. मीटर अजिबात हलला नाहीं तर कार्बन झिजले किंवा अडकले आहेत. अर्धा ते एक व्होल्टच दिसला तर फील्डची गुंडाळी पाहावी. चार-पांच व्होल्टांवर अडला तर आर्मेचर बिघडलें आहे. आमचा डायनामो सरळ चढला. कॉम्युटेटर तेवढा काळवंडला होता, तो बारीक कांचकागदानें पुसला.

पेटींतील कटआउटचे पॉइंट मात्र साफ करण्यापलीकडे गेले होते. मिस्त्रींच्या संग्रहांतून जुनी पेटी निघाली. बॅटरी धन टोंक अंगास धरून जोडली, अंगावरची तिची बैठक गंज काढून चकचकीत केली. शेवटीं, डायनामोचें चुंबकत्व सरळ दिशेस आहे याची खात्री म्हणून, बॅटरीच्या जिवंत टोंकापासून एक तार आणून फील्डच्या टोंकास क्षणभर टेकविली. बारीकशी ठिणगी उडाली. काकांनीं ती पाहावयास वांकून चष्मा सांवरला.

आमच्या पुतण्यानें फोनवरून सुचविलें कीं डायनामो काढून अल्टरनेटरच घालावा. सूचना टाकाऊ नाहीं. अल्टरनेटर इंजिन मंद असतांहि वीज देतो, आणि ज्यांना रोज रात्रीं प्रवास आहे त्यांनीं तो अवश्य घालावा. पण या गाडीच्या इंजिनाच्या फेऱ्या मोजणारें घड्याळ डायनामोच्या शेपटावर चालतें. डायनामो गेला कीं तेंहि मुकें. शिवाय बहुतेक अल्टरनेटरांस ऋण टोंकच अंगास लागतें. दिवसा फिरणाऱ्या गाडीसाठीं आम्हांस तो खटाटोप पटत नाहीं.

बॅटरींत शुद्ध पाणी घालण्याविषयीं मिस्त्रींनीं बजावून सांगितलें, चैत्र-वैशाखांत तर पंधरवड्यास एकदां पाहाच म्हणाले. २०१६ सालीं ज्या शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील माणसाच्या तोंडीं हा आग्रह आम्हांस निराळाच वाटला.

संध्याकाळीं परिचित गाडी पाहावयास आले. काकांनीं त्यांना कॉफी दिली, पट्ट्याची आणि कांट्याची गोष्ट मोठ्या रंगांत येऊन सांगितली, आणि किंमतीचा विषय काढलाच नाहीं. परिचितहि समंजस, त्यांनींहि काढला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही नांदेडकडे निघालों. अहमदपुराबाहेर काकांनीं गाडी थांबविली, इंजिन बंद केलें, आणि भर उन्हांत पुढचे दिवे लावले. कांटा डावीकडे गेला. मग इंजिन सुरू करून त्यांनीं वेग वाढविला. नवा लाल दिवा मंदावत विझला, आणि कांटा मध्यावरून हळूच उजवीकडे आला. काकांनीं दिवे मालवले आणि गाडी पुढें काढली.