पुरस्कार कोणाच्या हातून?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, म्हणून आपल्याकडे ६ जानेवारी हा पत्रकार दिन. त्या आठवड्यात तालुक्याच्या गावी सभागृहे भरतात. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांची देवघेव होते, आणि व्यासपीठावर बहुधा तीच मंडळी असतात ज्यांच्यावर वर्षभर बातम्या करायच्या असतात. छापील वर्तमानपत्राचे अशा सत्काराशिवायही भागते. त्याची पत मोजायला दुसरी मापे आहेत. १९४८ पासून खप तपासणारी ‘एबीसी’ आहे, सरकारी नोंदणीचा क्रमांक आहे, जाहिरातीचे दरपत्रक आहे. ज्या वृत्तसंकेतस्थळाच्या मागे बडे घराणे नाही, ज्याच्या पानावर जाहिरात नाही आणि ज्याचा अंक कुणाच्या दारात पडत नाही, त्याच्याकडे यातले एकही माप नसते. वाचकसंख्येचे आकडे असतात, पण पाककृतीलाही लाखो लोक पाहतात आणि अफवेलाही. त्यामुळे ‘यांच्या बातमीवर विश्वास ठेवावा का?’ या प्रश्नाला बाहेरच्या कुणी तरी दिलेले उत्तर, म्हणजे पुरस्कार, अशा संकेतस्थळासाठी शोभेची वस्तू राहत नाही. ती त्याने उसनी घेतलेली पत असते. उसनवारी म्हटली की कोणाकडून घेतली हे आधी विचारावे लागते.

हा प्रश्न सातारा-सांगलीच्या वाचकाला अगदी जवळून पाहता येतो. कारण देशात सर्वाधिक गौरवल्या गेलेल्या स्वतंत्र संकेतस्थळांपैकी एकाने आपले काही उत्तम काम याच मातीत केले आहे. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’, सुरू केली. मुंबईतून चालणारी ही साइट काउंटरमीडिया ट्रस्ट चालवते. ती जाहिराती घेत नाही, वाचायला पैसे लागत नाहीत, आणि मजकूर मराठीसह डझनभर भारतीय भाषांत येतो. तिला आणि तिच्या वार्ताहरांना मिळालेल्या पुरस्कारांची संख्या पन्नासच्या पुढे गेली आहे. शिवाय अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहात कायम जतन करण्यासाठी तिची निवड केली. साईनाथ स्वतः २००७ चे मॅगसेसे मानकरी, तेव्हा नावाचे वजन होतेच. पण संपादकाच्या नावावर एखादे संकेतस्थळ वर्ष-दोन वर्षे तग धरते, दहा वर्षे नाही. दहा वर्षे टिकायला बातम्या लागतात.

त्यातली एक बातमी शेणोलीची. ७ जून १९४३ रोजी पुणे-मिरज गाडी कराडच्या पुढे शेणोलीजवळ अडवली गेली. रुळांवर दगड रचले होते. अडवणाऱ्यांकडे बंदुका नव्हत्या, होते ते विळे, लाठ्या आणि थोडेसे गावठी बॉम्ब. गाडीतून इंग्रज सरकारच्या नोकरांच्या पगाराची रक्कम जात होती. ती साताऱ्यातल्या भूमिगत प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ताब्यात घेतली आणि त्या सरकारच्या कामाला लावली. या हल्ल्याचे एक म्होरके, कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड ऊर्फ कॅप्टन भाऊ, नव्वदी ओलांडून हयात होते. ‘पारी’ने त्यांना बोलते केले. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील यांच्या कन्या हौसाताईंकडूनही कथा टिपली. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग रचले गेले, बायको झालेल्या हौसाताईंनी खरोखरीचा मार खाल्ला आणि पोलीस ते सोडवायला बाहेर येताच साथीदारांनी आतली शस्त्रे उचलली. हे इतिहासाच्या ग्रंथांत नव्हते असे नाही. पण ज्यांच्या अंगावर वळ उठले त्यांच्या तोंडून, त्यांच्या छायाचित्रासह आणि आवाजासह ते फारच थोड्या ठिकाणी नोंदले गेले होते. ७ जून २०१७ ला गोपाळकृष्ण गांधी यांच्या हस्ते या हयात सैनिकांचा सत्कार झाला. हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये. काम चार-पाच वर्षे उशिरा हाती घेतले असते, तर नोंदीसाठी माणसेच उरली नसती. १९४२ च्या पावसाळ्यात कराड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या मामलेदार कचेऱ्यांवर निघालेल्या मोर्चांतली किती माणसे अशीच नोंदीविना गेली असतील, त्याचा हिशेब आता कोण मांडणार? गौरवाचा विचार करताना हा क्रम ध्यानात घ्यावा. इथे संकेतस्थळाने आधी दुसऱ्यांचा गौरव केला, त्याला स्वतःला मिळालेला मान त्यापाठोपाठ आला.

आता मुद्द्याचा भाग. साईनाथ यांनी २००९ मध्ये पद्मभूषण नाकारले. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश सरकारचा वायएसआर जीवनगौरव पुरस्कारही नाकारला. कारण दोन्ही वेळा तेच: पत्रकार ज्या सरकारच्या कारभारावर लिहितो, त्या सरकारकडून त्याने पुरस्कार घेऊ नये. त्याच २०२१ मध्ये त्यांनी जपानमधल्या फुकुओका शहराचे पारितोषिक मात्र स्वीकारले. तेही एका अर्थाने सरकारी, कारण ते देण्यात तिथली नगरपालिका आहे. वरवर पाहता विसंगती दिसते, पण नियम नीट वाचला तर ती उरत नाही. सरकार म्हणून विटाळ नाही. ज्याच्यावर लिहायचे त्याच्याकडून घ्यायचे नाही, एवढेच. फुकुओकाच्या नगरपालिकेवर साईनाथ बातम्या करत नाहीत. हा नियम साधुत्वाचा नाही, अंतराचा आहे, आणि म्हणूनच तो कामाचा आहे.

हे अंतर साताऱ्याच्या पाटण तालुक्यात मोजून पाहू. इथली कुठलीही मोठी बातमी घ्या. कोयना धरणाने उठवलेल्या गावांचे पुनर्वसन पन्नास-साठ वर्षांनंतरही आंदोलनाचा विषय आहे, आणि जमीन देण्याची जबाबदारी सरकारची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतरची घरे असोत किंवा २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातली गावे, एका बाजूला महसूल नाही तर वनखाते उभे असते. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांत खासगी कंपन्या आहेत, पण जमिनीचे दप्तर तहसीलचे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. त्यानंतरचे प्रश्नही सरकारलाच विचारायचे होते: धोक्याची गावे ठाऊक होती का, स्थलांतराचे काय झाले, घरे कधी मिळणार? ज्या तालुक्यात जवळजवळ प्रत्येक बातमीत सरकार हा एक पक्षकार आहे, तिथल्या वार्ताहराने त्या पक्षकाराच्या हातून मानपत्र घेतले तर बातमी खोटी ठरत नाही. पण ती वाचणारा दरडग्रस्त तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो, आणि पाहिले तर त्याला दोष देता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. सरकारी पुरस्काराचा पैसा मंत्र्याच्या खिशातला नसतो, जनतेचा असतो. मग घ्यायला हरकत काय? राज्याच्या माहिती खात्याचे पुरस्कार बाळशास्त्री जांभेकर, नानासाहेब परुळेकर, ग. गो. जाधव अशा मोठ्या नावांचे आहेत, निवडीला समित्या असतात आणि पात्र माणसांना ते मिळालेलेही आहेत. हे सगळे मान्य. पण पैसा जनतेचा असला तरी निवड समिती कोण नेमते, फोटोत कोण असते आणि पुढच्या वर्षी अर्ज कोणाकडे करायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे जनतेकडे जात नाहीत. पुरस्काराचा स्वभाव लग्नातल्या आहेरासारखा आहे: देणारा काही मागत नाही, पण वही दोन्ही घरांत ठेवलेली असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साईनाथांना नाकारणे परवडते, कारण त्यांच्यामागे जग आहे. तालुक्याच्या वार्ताहराला ना पगार, ना विमा, त्याने पंचवीस हजारांचा धनादेश कोणत्या तोंडाने परत करायचा? खरे आहे. या माणसाला उपदेश करण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण या आक्षेपातून ‘सरकारी पुरस्कार चांगला’ हे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी पुरस्कार ठेवलेला नाही. फलटणच्या महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधीने जांभेकरांच्या जन्मगावी, पोंभुर्ल्याला, स्मारक उभारले आणि ‘दर्पण’ पुरस्कार चालवले. पत्रकारांनीच उभ्या केलेल्या अशा संस्था आपल्याच जिल्ह्यात आहेत. तालुका पातळीवरच्या ऑनलाइन कामासाठी असे काही वाढले, तर नाकारण्याचा प्रश्न आपोआप हलका होईल.

तिसरा आक्षेप हल्ली मोठ्या आवाजात ऐकू येतो: परदेशी पुरस्कार म्हणजे परदेशी अजेंडा. मॅगसेसेची सुरुवात रॉकफेलर ब्रदर्स फंडाच्या पैशातून झाली, ही गोष्ट लपलेली नाही. देणाऱ्याची आवडनिवड पुरस्कारात उतरते, मग तो मनिलाचा असो की मुंबईचा. म्हणून प्रश्न देशी-परदेशी असा विचारण्यापेक्षा देणाऱ्याचा त्या बातमीत हितसंबंध आहे का, असा विचारावा. एखाद्या खाण कंपनीच्या प्रतिष्ठानाने पर्यावरणवार्तांकनाला दिलेला पुरस्कार शंभर टक्के स्वदेशी असूनही लांबचा ठरत नाही. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. माझ्या मते मोठ्या उद्योगसमूहांनी ठेवलेल्या पुरस्कारांना आपण जेवढी सूट देतो तेवढी द्यायला नको, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

गौरवाचा आणखी एक धोका असा की तो कामाचे चित्र बदलतो. बुंदेलखंडात ‘खबर लहरिया’ २००२ मध्ये चित्रकूटहून कागदी अंक म्हणून निघाले आणि पुढे मोबाइलवर गेले. ते ग्रामीण, बहुतांशी दलित महिला चालवतात. २००९ मध्ये त्यांना युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनात होता. देशभर कौतुक चालू असताना खुद्द ‘खबर लहरिया’ने जाहीर केले की चित्रपट प्रभावी असला तरी आपण जणू एकाच पक्षावर वार्तांकन करतो असे जे दिसते ते खरे नाही, आपले काम त्याहून पुष्कळ विस्तृत आहे. ऑस्करच्या उंबरठ्यावर असे बोलायला धाडस लागते, आणि ते गरजेचे होते. गावात नळाला पाणी नाही, रस्त्याची बिले निघाली पण रस्ता नाही, अशा रोजच्या बातम्यांवर त्यांची पत उभी आहे. बक्षिसाच्या झोतात नेमकी तीच बाजू अंधारात जाते.

पुरस्कार संरक्षण देतो का, याचे उत्तरही सरळ नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडून मारले गेले. ते ‘महानगरी टाइम्स’मध्ये रिफायनरीच्या वादावर लिहीत होते. राज्यात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१७ मध्येच मंजूर झाला होता. वारिशे यांचे नाव बहुतेक महाराष्ट्राने प्रथम ऐकले ते त्यांच्या मृत्यूनंतर. पुरस्कारामुळे गाडी थांबली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्याला कुणी ओळखत नाही त्याला हात लावायला हल्लेखोर कमी कचरतो, हेही तितकेच खरे. मुंबई-दिल्लीच्या माणसांना राजापूर-पाटणच्या वार्ताहराचे नाव आणि काम त्याच्या हयातीत कळणे ही एक प्रकारची तटबंदी आहे. कच्ची असेल, पण आहे.

ते कळायला भाषा आडवी येते. राष्ट्रीय पुरस्कारांचे परीक्षक मराठी वाचणारे असतीलच असे नाही. म्हणून चांगल्या इंग्रजीतली मध्यम बातमी चांगल्या मराठी बातमीच्या पुढे निघून जाते. ‘पारी’ची सरशी झाली त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे: एकच बातमी अनेक भाषांत, आणि भाषांतरकाराचे नाव लेखकाच्या बरोबरीने. छोट्या मराठी संकेतस्थळाला हे जमत नाही. भाषेआधी माध्यमाचा अडसर असतो: अमेरिकेतली पुलित्झर पारितोषिके १९१७ पासून दिली जातात. केवळ ऑनलाइन चालणाऱ्या संस्थांना त्यांनी दार उघडले ते २००९ च्या पारितोषिकांपासून, आणि २०१० मध्ये ‘प्रोपब्लिका’ला पहिले मिळाले. कागदाचा मोह तिथेही नव्वद वर्षे सुटला नव्हता. आपल्याकडे माध्यमाचे दार हळूहळू उघडते आहे, भाषेचे अजून अर्धेच उघडले आहे.

शिवाय पुरस्कार मिळालेली बातमी उद्या सापडेल का, हा प्रश्न आहेच. छापील पुस्तके आणि नियतकालिके १९५४ च्या कायद्याने ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागतात. मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. त्यामुळे १९६७ च्या भूकंपाच्या बातम्या आजही धुंडाळता येतात. २०२१ च्या दरडींवर तालुक्याच्या एखाद्या पोर्टलने केलेले काम मात्र सर्व्हरचे भाडे थकले की एका रात्रीत नाहीसे होते, त्यावर मिळालेले स्मृतिचिन्ह तेवढे कपाटात राहते. ‘पारी’ची पाने अमेरिकेतले ग्रंथालय जपते आहे. मराठी स्वतंत्र संकेतस्थळांना गौरवायचे असेल, तर पुरस्काराच्या रकमेइतकाच खर्च त्या बातम्यांच्या प्रती एखाद्या विद्यापीठाच्या किंवा जिल्हा ग्रंथालयाच्या संग्रहात ठेवण्यावर करावा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने पाटण, वाळवा, पलूस, कराडपासून सुरुवात केली, तरी पुढच्या दरडीच्या वेळी मागच्या दरडीनंतर दिलेली आश्वासने कुणाला तरी तारखेनिशी काढून दाखवता येतील.