दगडी कोळसा, मातीचं तेल

शेगावहून अकोल्याकडे येणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलं, की नागझरीनंतर दोन लहान स्टेशनं लागतात. पारस आणि गायगाव. दर्शन घेऊन परतणारे प्रवासी तोवर शिदोरी सोडून बसलेले असतात, खिडकीबाहेर कोणी पाहत नाही. पाहण्यासारखं मात्र आहे. पारसला वीज केंद्राच्या चिमण्या उभ्या आहेत आणि तिथं वाघिणींतून कोळसा उतरतो. पुढच्याच गायगावला तेल कंपन्यांच्या टाक्या आहेत, तिथं टँकरच्या वाघिणी रिकाम्या होतात. कोळसा येतो पूर्वेकडून, वर्धा-बडनेरा मार्गे. तेल येतं पश्चिमेकडून, भुसावळ ओलांडून. म्हणजे पारसचा कोळसा गायगावच्या टाक्यांसमोरून जातो आणि गायगावचं डिझेल पारसच्या चिमण्यांसमोरून येतं. आपापलं स्टेशन गाठण्यासाठी दोघांना एकमेकांचं दार ओलांडावं लागतं.

रेल्वेच्या नकाशातला हा योगायोग नाही. कोळसा पूर्वेला आणि तेल पश्चिमेला असण्याचं कारण या दोन स्टेशनांच्या खाली, जमिनीत आहे.

आधी नावांचं बघू. लाकूड अर्धवट जाळून होतो तो लोणारी कोळसा, खाणीतून निघतो तो दगडी. पुण्या-मुंबईकडे ज्याला रॉकेल किंवा घासलेट म्हणतात, त्याला आमच्याकडची जुनी माणसं मातीचं तेल म्हणत. ‘जाय बरं, मातीचं तेल आनजो,’ असं सांगून आजी हातात बाटली द्यायची, आणि त्या तेलावर रात्री चिमणी पेटायची. घासलेट हा ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश, रॉकेल हा ‘रॉक ऑइल’चा. तिन्ही नावांत मातीचं तेल सर्वांत घरगुती, आणि शास्त्रालाही फारसं न दुखावणारं. कोळसा दगडाचा आणि तेल मातीचं, हे वऱ्हाडानं शाळेत न जाताच ओळखलं होतं. कोणता दगड आणि कुठली माती, एवढाच प्रश्न उरतो.

वऱ्हाडचा दगड म्हणजे काळा कातळ, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि दख्खनचा मोठा भाग झाकला गेला. ज्या काळ्या मातीवर आपली पऱ्हाटी उभी राहते ती याच कातळाची झीज. उन्हाळ्यात पायाएवढ्या भेगा पडणारी, पावसात चपलेला किलोभर चिकटणारी. कापूस दिला तो या लाव्हानं. पण या लाव्हानं त्याआधीचं सगळं झाकूनही टाकलं, आणि झाकलेल्यात कोळसा होता.

आपला कोळसा लाव्हापेक्षा चौपटीहून अधिक जुना आहे, साधारण २७ ते २९ कोटी वर्षांचा. तेव्हा भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया हे सगळे गोंडवन नावाच्या एकाच भूखंडाचे तुकडे होते. या भूखंडाला दिलेलं नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून आलेलं आहे, म्हणजे थेट आपल्या शेजारून. हिमयुग नुकतंच ओसरत होतं. खोलगट भागांत दलदली होत्या आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं वाढत होती. झाड पडलं की पाण्यात बुडायचं. साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे ते पुरतं कुजायचं नाही. त्यावर दुसरं पडायचं. असा झाडपाल्याचा जाड गादीसारखा थर साचला, त्यावर नद्यांनी वाळू आणि गाळ टाकला, वजनानं तो दबला, खोलीवरच्या उष्णतेनं त्यातलं पाणी आणि वायू निघून गेले आणि कार्बन मागे राहिला. एक मीटर कोळशासाठी पाच ते दहा मीटर झाडपाला दबावा लागतो, असा ढोबळ हिशेब आहे.

या दलदलींना वारंवार पूर यायचे. पुराबरोबर आलेली बारीक माती झाडपाल्यातच मिसळून गेली. ती आजही कोळशात आहे. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३०-४० टक्क्यांपर्यंत जातं, ते यामुळे. खाणीतून काढताना मिसळलेला दगड वेगळाच. विलायती कोळशाशी तुलना करून आपल्या कोळशाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. खरं तर आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हीही बाजू आहे. पण राख जाळता येत नाही, ती फक्त वाहून न्यावी लागते, हे पारसच्या आसपासच्या गावांना सांगायला नको.

हा कोळसा लाव्हाच्या खाली गाडला गेला. जिथं नद्यांनी लाव्हाची चादर झिजवली किंवा ती मुळात पोचलीच नाही, तिथं तो वर दिसला. वऱ्हाडच्या जुन्या चार जिल्ह्यांत असा कोपरा एकच, यवतमाळ जिल्ह्यातला वणीचा. वर्धा नदीच्या पलीकडे घुग्घुस, माजरी, वरोरा. इंग्रजांच्या काळात तर यवतमाळ जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा भूवैज्ञानिक अहवाल १८७७ मध्ये निघाला, तेव्हा वरोऱ्याची खाण सुरू झालेली होती. ती १९०६ मध्ये बंद पडली. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं. कोळशासाठी तिथं सरकारनं रेल्वे नेली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ पासून हा भाग नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहे. वणीला जाणाऱ्या रस्त्यावर मातीचे जे डोंगर दिसतात ते डोंगर नव्हेत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी उकरून काढलेली वरची माती आहे ती.

सातपुड्याच्या पायथ्याशीही एक झरोका आहे. मोर्शीजवळच्या साळबर्डीला, अमरावती आणि बैतूलच्या सीमेवर, लाव्हाखालचे जुने थर उघडे पडलेले आहेत. गोंडवन काळातले दगड, आणि त्यांच्यावर डायनोसोरचे अवशेष सापडलेला लामेटा थर. यात्रेला जाणाऱ्यांच्या पायाखालून लाव्हाच्या आधीचा वऱ्हाड जातो. सातपुडा ओलांडला की पलीकडे पाथाखेड्याच्या कोळसा खाणी आहेतच.

आता तेल. खारपाणपट्ट्यातल्या म्हाताऱ्यांकडून मी लहानपणी ऐकलं होतं, की इथं पूर्वी समुद्र होता, म्हणून विहिरीचं पाणी खारट. समुद्र होता तर तेल का नाही, असा प्रश्न तेव्हा सुचला नाही. सुचला असता तर उत्तर असं मिळालं असतं : पूर्णेच्या खोऱ्यातला शेकडो मीटर जाडीचा गाळ हा बहुतांशी नद्यांनी आणलेला आहे, आणि खारटपणा कोरड्या हवामानात पाणी आटून आणि निचरा न होऊन आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तेलाला मात्र बहुधा समुद्र किंवा मोठं सरोवर लागतं. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव आणि शेवाळ मरून तळाच्या चिखलात मिसळतात. तो चिखल खोल गाडला जाऊन साधारण ६० ते १२० अंश सेल्सियसपर्यंत तापला, की त्यातून तेल सुटतं. त्याहून जास्त तापला तर वायू. सुटलेलं तेल सच्छिद्र दगडातून वर सरकतं आणि वर घट्ट झाकण असेल तर अडकून राहतं. भूगर्भात तेलाची तळी नसतात. दगडाच्या छिद्रांत ते स्पंजातल्या पाण्यासारखं भरलेलं असतं.

असा दगड मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात सापडला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगनं बॉम्बे हायला छिद्र पाडलं आणि तेल लागलं. तिथला तेलाचा चुनखडक दख्खनच्या लाव्हापेक्षा तरुण आहे, आणि त्या खोऱ्याच्या बुडाशी आपलाच काळा कातळ सापडतो. पूर्वेचा कोळसा कातळाखाली, पश्चिमेचं तेल कातळावर, आणि मधे कातळावर बसलेला, वणीचा कोपरा सोडला तर दोघांपासून सारखाच वंचित वऱ्हाड. गायगाव-पारसचं कोडं मला तरी असं सुटतं.

वंचित खरा, पण गिऱ्हाईक जुनं. भुसावळहून निघालेली लोहमार्गाची फांदी १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती मुख्यतः इथल्या कापसासाठी. मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि त्यांची वाफेची इंजिनं. कापूस बाहेर, कोळसा आत, असा व्यवहार ठरला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे ही त्याच व्यवहाराची अरुंद लेक. किलिक निक्सन कंपनीची. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनानं तिला १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढलं, मग डिझेल आलं. म्हणजे शकुंतलेनं कोळसा सोडून तेल धरलं, आणि पुढे दोन्ही सोडून ती रुळांवर गवत वाढवत थांबली.

पारसचं पहिलं वीज केंद्र १९६०च्या दशकातलं, छोट्या संचांचं. ते संच गेले. आज तिथं महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. दोन्ही पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालले तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा. दिवसाला ८,४०० टन. एका मालगाडीत ४,००० टनांच्या आतबाहेर मावतो, म्हणजे रोज दोन गाड्या आणि वर थोडा. हा कोळसा आधी टाल्कम पावडरीइतका बारीक दळतात आणि हवेबरोबर भट्टीत फुंकतात. त्याच्या उष्णतेनं वाफ ५४० अंशांच्या आसपास जाते, ती टर्बाइनची पाती मिनिटाला ३,००० वेळा फिरवते. एवढं करून कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग तारेत जातो. उरलेला शीतकरण मनोऱ्यातून आणि चिमणीतून निघून जातो, मे महिन्यातल्या अकोल्याच्या उन्हात. राख ३५ टक्के धरली तर रोजची २,९०० टनांवर. तिच्यातून विटा होतात, सिमेंटमध्ये ती जाते, उरते ती बंधाऱ्यात पाण्याखाली ठेवतात. बंधारा सुकला आणि वारा सुटला, की वाळत घातलेल्या कपड्यांवरून बायकांना आधी कळतं.

अमरावतीजवळ नांदगाव पेठचा प्रकल्प याहून मोठा, २७० मेगावॉटचे पाच संच. इंडियाबुल्सनं उभारायला घेतला, आता रतनइंडियाचा आहे. तिथं वाद पेटला तो पाण्यावरून. वीज केंद्राला एका युनिटमागे सुमारे तीन लिटर पाणी लागतं. १,३५० मेगावॉट पूर्ण चालले तर दिवसाला नऊ-दहा कोटी लिटर. हे पाणी अप्पर वर्धा धरणाचं, जे सिंचनासाठी बांधलं आणि ज्यावर अमरावती शहरही पाणी पितं. सिंचनाचं पाणी उद्योगाला वळवण्याविरुद्ध शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कोळशाचा हिशेब करताना आपण टन मोजतो. वऱ्हाडानं लिटर मोजायला हवेत, असं माझं मत आहे. कोळसा परक्याचा असतो, पाणी घरचं जातं. आणि शेतकऱ्याच्या मोटरीला लाईन येते ती बऱ्याचदा मध्यरात्री.

गायगावच्या टाक्यांतलं डिझेल मात्र तयार होऊनच येतं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परदेशातून येतं. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्या १९५४-५५ पासून तेच शुद्ध करत आहेत. शुद्ध करणं म्हणजे गाळणं नव्हे. कच्चं तेल ३५० अंशांच्या वर तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. मनोरा खाली गरम, वर थंड. हलके वायू शेंड्याला जातात, त्यातून सिलिंडरचा गॅस. त्याखाली पेट्रोलचा अंश, मग रॉकेल, मग डिझेल. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत दहावर आणावं लागलं, तेही इथंच काढतात. बुडाशी जो काळा, चिकट ऐवज उरतो त्यातून होतं डांबर. खरं डांबर कोळशापासूनचं, त्यातूनच कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आल्या. रस्त्यावरचं आजचं डांबर तेलाचा गाळ आहे, पण भाषेनं दोन्ही एकाच पिंपात भरले.

या गाळानं आम्हाला जगात नाव मिळवून दिलं. अमरावती-अकोला रस्ता वर्षानुवर्षं रखडलेला, खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध. जून २०२२ मध्ये त्यावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरली गेली, गिनेस विक्रम झाला. आधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता, तेलाच्या देशाचा. मिश्रण ३६,६३४ टन, त्यात डांबर २,०७० टन, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या थोडं वर. बाकीची प्रामुख्यानं खडी. रस्ता दिसतो डांबरी, असतो दगडाचा.

कोळसा आणि तेल यायच्या आधी वऱ्हाड काय जाळत होता? पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या. त्याच वर्षीचं ऊन त्याच वर्षी चुलीत. गॅस आल्यावर पऱ्हाटीला घरात जागा राहिली नाही. वावरातच पेटवतात किंवा रोटाव्हेटर फिरवतात. बोंडअळी तिच्यात तग धरते, म्हणून ती वेळेत काढा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आणि २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं धोरण काढलं, की औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळून जाळाव्यात. पारसच्या ८,४०० टनांचे पाच टक्के म्हणजे रोज ४२० टन. पऱ्हाटी आसपासच्या तालुक्यांत उभी असतेच. ती उपटायची, बांधायची, कुटायची आणि पारसपर्यंत न्यायची मजुरी कोण देणार, यावर पारावर चर्चा सुरू झाली की ती कापसाच्या भावावर जाऊन अडते.