प्राध्यापकांची भेट मागणारें पत्र



महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना केव्हां ना केव्हां प्राध्यापकांची भेट मागावी लागते. कोणास प्रकल्पाचा विषय ठरवावयाचा असतो, कोणास शिफारसपत्र हवें असतें, तर कोणास वर्गांत न उमगलेला मुद्दा समजून घ्यावयाचा असतो. पूर्वीं यासाठीं शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं ताटकळत उभें राहावें लागे. आतां ही विनंति बहुधा ईमेलनें केली जाते. अमेरिकन अभियंता रे टॉमलिन्सन यानें १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे जाळ्यामार्फत असा पहिला निरोप धाडला. म्हणजे साधन नवें आहे. पण कोणास कसें लिहावें हा प्रश्न मात्र फार जुना आहे.

आपल्याकडे हेमाडपंताच्या नांवावर चालत आलेल्या मेस्तकांत कोणत्या दर्जाच्या माणसास कोणता मायना लिहावा हें ठरवून दिलेलें होतें. ‘तीर्थस्वरूप’, ‘चिरंजीव’, ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ हे मायने वडीलधारी मंडळी मुलांना घरींच शिकवीत. ईमेलचा मायना मात्र असा कोणी शिकविला नाहीं. त्याचा परिणाम असा होतो कीं, ज्यांच्या घरीं महाविद्यालयाचें वारें आधींच खेळलेलें असतें, त्या मुलांना ही रीत ऐकून-पाहून कळते; आणि जीं मुलें आपल्या घराण्यांत पहिल्यानेंच ती पायरी चढतात, त्यांचें पत्र पुष्कळदां अनुत्तरित राहतें. ‘सर आमच्यासारख्यांना विचारीत नाहींत,’ अशी त्यांची समजूत होते. वस्तुतः काय हवें आहे तेंच सरांना पत्रावरून उमगलेलें नसतें. एवढ्याशा कारणानें एखाद्या होतकरू मुलाची संधि हुकावी, ही हानि लहान नव्हे.

अशा पत्रांत दोन टोकें आढळतात. एका टोकास मित्राला धाडावा तसा त्रोटक निरोप: ‘सर, उद्यां भेटायचें आहे, कधीं येऊं?’ वर विषय नाहीं, खालीं नांव नाहीं. दुसऱ्या टोकास ‘परमपूज्य’, ‘आपला आज्ञाधारक’, ‘आपल्या अमूल्य वेळांतून’ अशा शब्दांचा डोंगर, आणि खरें काम शेवटच्या ओळींत दडलेलें. दोहोंचा दोष एकच आहे. वाचणाऱ्याच्या वेळेची काळजी त्यांत घेतलेली नाहीं. आदर विशेषणांत नसतो. उत्तर देणें सोपें करून ठेवणें, हाच अशा पत्रांतला खरा आदर होय.

प्राध्यापकांचा वेळ कसा वांटलेला असतो हें पाहिलें म्हणजे याचें मर्म ध्यानांत येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांत आठवड्याचें काम ४० तासांहून कमी नसावें असें म्हटलें असून, प्रत्यक्ष अध्यापनाचे तास सहायक प्राध्यापकांस १६ आणि त्यांच्या वरच्या दोन पदांस १४ धरलेले आहेत. उरलेल्या वेळांत तयारी, संशोधन, उत्तरपत्रिका व बैठका; विद्यार्थ्यांच्या भेटीहि त्यांतच बसवावयाच्या. ज्या पत्राला ‘ठीक, बुधवारीं या’ एवढेंच उत्तर पुरतें, त्याचें उत्तर लगेच जातें. ज्याला ‘तुम्ही कोण? वर्ग कोणता? काम काय?’ असें उलट विचारावें लागतें, तें मागें पडतें.

आतां पत्राचीं अंगें क्रमानें पाहूं. लिहिण्यापूर्वीं विभागाच्या सूचनाफलकावर वा संकेतस्थळावर भेटीचे तास दिले आहेत काय तें पाहावें, आणि असल्यास त्यांतलीच वेळ मागावी. पत्र शक्य तों महाविद्यालयानें दिलेल्या पत्त्यावरून धाडावें. विषयाची ओळ कधींहि रिकामी सोडूं नये; पत्रांच्या गर्दींत तीच आधीं वाचली जाते. मायन्यांत नांव व पद अचूक असावें. बाईंना ‘डिअर सर’ लिहिणें म्हणजे पत्र कोणास जात आहे हें पाहिलेंच नाहीं, अशी कबुली देणें होय. आपल्याकडे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ चालतें. अमेरिकेंत वा जर्मनींत लिहावयाचें असल्यास ‘प्रोफेसर’ आणि पुढें आडनांव, हा मायना निर्धोक.

नमुन्यादाखल असें पत्र पाहा. विषय: ‘द्वितीय वर्ष अर्थशास्त्र, प्रकल्पाविषयीं पंधरा मिनिटांच्या भेटीची विनंति.’ मजकूर: ‘सादर नमस्कार. मी द्वितीय वर्ष कला, ब तुकडीची विद्यार्थिनी असून सोमवारीं आपल्या तासास असतें. भाजीबाजारांतील दरांवर प्रकल्प करण्याचा माझा विचार आहे. माहिती एकाच बाजाराची घ्यावी कीं दोहोंची, याविषयीं आपला सल्ला हवा आहे. बुधवारीं अकरा ते एक अथवा गुरुवारीं दुपारीं तीननंतर मी मोकळी आहें; आपणांस दुसरी वेळ सोयीची असल्यास तीहि चालेल. एका पानाचा आराखडा सोबत जोडला आहे.’ शेवटीं पूर्ण नांव, वर्ग व क्रमांक. इतकें पुरें. यांत नम्रता आहे, लाचारी नाहीं. आणि मुलीनें आधीं स्वतः विचार केला आहे हेंहि दिसतें.

हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा. १९२४ च्या जून महिन्यांत ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनीं आइन्स्टाइनना पत्र लिहिलें. प्रत्यक्ष भेट कधीं झालेली नव्हती. बोसांनीं आपला लेख सोबत जोडला, त्यांत काय साधलें आहे तें थोडक्यांत सांगितलें, सापेक्षतेवरील लेखाचा इंग्रजी अनुवाद करणारा तो मीच अशी ओळख दिली, आणि योग्य वाटल्यास लेख जर्मन नियतकालिकांत छापवावा अशी विनंति केली. आइन्स्टाइननीं स्वतः भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. पुढें १९२५ सालीं बर्लिनमध्यें दोघांची भेटहि झाली. प्रत्येक विद्यार्थी बोस नसतो. परंतु काय हवें तें स्पष्ट सांगणें आणि आपलें काम पुढें ठेवणें कोणासहि साधण्याजोगें आहे. उलट, उन्हाळ्याच्या सुटींत संशोधनाची संधि मिळावी म्हणून एकच मजकूर पन्नास ठिकाणीं धाडणाऱ्याचें पत्र कोणासहि आपलेंसें वाटत नाहीं.

उत्तर न आल्यास आठवडाभर थांबावें आणि मग त्याच पत्राखालीं दोन ओळींची आठवण एकदांच द्यावी. परदेशांतील प्राध्यापकांशीं संगणकाच्या पडद्यावर भेट ठरल्यास वेळ कोणत्या देशाची तें लिहावें. जर्मनीचें घड्याळ हिवाळ्यांत आपल्या साडेचार तास व उन्हाळ्यांत साडेतीन तास मागें असतें. जाणें अशक्य झालें तर आधीं कळवावें, आणि भेटीनंतर आभाराच्या दोन ओळी लिहाव्या.

पालकांस एक सांगणें आहे. मुलाच्या नांवें हें पत्र आपण लिहूं नये. हल्लीं यंत्राकडूनहि आयतें पत्र मिळतें. तें गुळगुळीत असतें, पण मुलाचा स्वतःचा प्रश्न त्यांत नसतो. पत्र त्याचें त्यालाच लिहूं द्यावें, मोठ्यानें वाचावयास सांगावें, आणि ‘हें ऐकून मीं नेमकें काय करावयाचें तें मला कळलें का?’ एवढेंच स्वतःस विचारावें. शेजारच्या ज्या मुलाला हें सांगणारें घरीं कोणी नाहीं, त्याच्याजवळहि पांच मिनिटें बसावें. त्याला विद्वत्ता शिकवावयाची नाहीं. दार कसें ठोठवावें, एवढेंच दाखवावयाचें आहे.